नव्या वर्षात बाप्तिस्म्याची आठवण आणि विश्वासाचे नूतनीकरण : नाशिकच्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

नाताळ झाला आणि वर्ष संपत आले की पाळकांना आणि फादरांना जे प्रश्न हमखास विचारले जातात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. नाशिकमध्ये सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि कॅथलिक मंडळींबरोबर पेंटेकॉस्टल आणि इतर अनेक मंडळ्या आहेत. जिथे रीत वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नूतनीकरणात देवाला नवे काही कबूल करायचे नसते. बाप्तिस्म्याच्या वेळी जे कबूल झाले आहे, तुमच्या तोंडून किंवा तुमच्या वतीने आईवडिलांच्या तोंडून, ते पुन्हा उघडून वाचायचे असते. पुढची बरीच उत्तरे याच मुद्द्यावर उभी आहेत.

नूतनीकरण म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा का?

नाही. लग्नाच्या वाढदिवसाला कोणी पुन्हा लग्न लावत नाही, तसेच हे. ‘एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा’ असे इफिसकरांस पत्रात (४:५) आहे, आणि इ. स. ३८१ मधल्या विश्वासांगीकारातही (उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या विश्वासाच्या कबुलीतही) पापक्षमेसाठी ‘एकच बाप्तिस्मा’ मानला आहे. पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे नाव घेऊन झालेला बाप्तिस्मा कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट या परंपरांत पुन्हा दिला जात नाही. मधल्या काळात माणूस देवापासून कितीही लांब गेलेला असला, तरी देवाने त्याच्यावर केलेले काम रद्द होत नाही. परत यायचे असते ते माणसाने.

बाप्टिस्ट, ब्रदरन आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा मान्य करत नाहीत. कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून, पाण्यात बुडून घेतलेला बाप्तिस्मा हाच त्यांच्या मते पहिला आणि खरा. त्यामुळे दुसरे ज्याला ‘पुन्हा’ म्हणतात, त्याला ते ‘पुन्हा’ म्हणत नाहीत. हा मतभेद जुना आहे आणि प्रामाणिक आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सीएनआय स्थापन झाली तेव्हा अँग्लिकनांबरोबर बाप्टिस्ट आणि ब्रदरनही तिच्यात आले, म्हणून तिथे बालकाचा आणि प्रौढाचा असे दोन्ही बाप्तिस्मे चालतात. जे बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत, ते बाळाचे समर्पण करतात.

३१ डिसेंबरच्या रात्री भावनेच्या भरात ‘मला आत्ताच पुन्हा बाप्तिस्मा द्या’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. त्यांना आमचा सल्ला असतो की दोन आठवडे थांबा आणि आपल्या पाळकांशी बसून बोला. खरी ओढ दोन आठवड्यांत विझत नाही.

नव्या वर्षाचा आणि बाप्तिस्म्याचा संबंध काय? हे १ जानेवारीचे कॅलेंडर तर सरकारी आहे.

खरे आहे, ख्रिस्ती उपासनेचे वर्ष आगमनकाळाच्या (नाताळच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला बदलते. तरी जानेवारीचा पहिला पंधरवडा या विषयाला अगदी जवळचा आहे. १ जानेवारी हा नाताळपासून आठवा दिवस. बाळाची सुंता होऊन त्याचे नाव येशू ठेवले तो हा दिवस (लूक २:२१). कॅथलिक मंडळी त्या दिवशी देवमाता मरियेचा सण पाळते. ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण येतो, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूच्या दर्शनाला आले त्याची आठवण. भारतात कॅथलिक तो २ ते ८ जानेवारीच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी घेतात. त्यानंतरच्या रविवारी प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण असतो. प्रकटीकरणाचा रविवार ७ किंवा ८ तारखेला आला तर तो लगेच दुसऱ्या दिवशी, सोमवारी होतो. या सणाने कॅथलिकांचा नाताळकाळ संपतो. २०२७ मध्ये तो १० जानेवारीला आहे.

वर्षारंभी देवाशी असलेला करार नवा करण्याची रीत मुख्यतः मेथडिस्टांकडून आली. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनमध्ये पहिली करार-उपासना घेतली. पुढे ती नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी होऊ लागली आणि बाकीच्या मंडळ्यांतही रुजली.

येशू निष्पाप होता. मग तो योहानाकडे बाप्तिस्मा घ्यायला का गेला?

हाच प्रश्न खुद्द योहानाने विचारला आणि येशूने उत्तरही दिले (मत्तय ३:१३–१५). पश्चात्तापासाठी यार्देनच्या काठी रांगेत उभे असलेल्या लोकांत तो जाऊन उभा राहिला. ते पाप त्याचे नव्हते, लोक मात्र त्याचे होते. वर आला तेव्हा स्वर्गातून वाणी झाली, ‘तू माझा प्रिय पुत्र आहेस.’ अजून एकही चमत्कार झालेला नव्हता, एकही प्रवचन झालेले नव्हते. प्रीती आधी आहे आणि काम नंतर, हा क्रम मार्क १:९–११ मध्ये नीट पाहा. नव्या वर्षाचे संकल्प आपण बहुधा उलट्या क्रमाने करतो, आधी काहीतरी करून दाखवायचे आणि मग देव प्रसन्न होईल असे धरून चालायचे. त्या वाटेने संकल्पाचा नवस होतो.

माझा बाप्तिस्मा मी तीन महिन्यांचा असताना झाला. आठवतच नाही, मग स्मरण कशाचे करू?

जन्मही आठवत नाही, तरी तो झाला हे नक्की असते. इथे स्मरण म्हणजे झालेल्या गोष्टीला आजच्या जगण्यात जागा देणे. रोमकरांस पत्र ६:३–४ मध्ये पौल बाप्तिस्मा झालेल्यांना विचारतो, ‘तुम्हाला ठाऊक नाही काय?’ पाण्याखाली जाणे हे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि वर येणे हे नव्या जीवनात चालणे, असे तो पुढे सांगतो. मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत हीच गोष्ट रोजची केली. जुना माणूस दररोज पश्चात्तापाने बुडावा आणि नवा दररोज उठावा.

आधार म्हणून काहीतरी हातात असले की बरे पडते. बाप्तिस्म्याचा दाखला, जुना फोटो, बाप्तिस्म्याच्या वेळची मेणबत्ती, किंवा त्या दिवशी चर्चमध्ये हजर असलेली एखादी मावशी. तिला विचारा: कोणी दिला, कोण जामीन राहिले, बाळ रडले का.

बाप्तिस्म्याची तारीख आणि नोंद कशी शोधायची?

बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये झाला, नोंद तिथेच असते. आज तुम्ही ज्या चर्चमध्ये जाता तिथे नसते. नाशिकमधली पुष्कळ कुटुंबे नगर, जालना, वसई, गोवा किंवा केरळातून आलेली आहेत, तेव्हा आधी गाव आणि चर्च नक्की करा. मग एका कागदावर एवढे लिहून न्या: बाप्तिस्म्याचे नाव, वडिलांचे आणि आईचे पूर्ण नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याचे अंदाजे वर्ष, धर्मपिता-धर्ममातेची नावे माहीत असल्यास ती, आणि त्या वेळी कुटुंब कुठे राहत होते ते.

नोंद सापडत नाही त्याची कारणे ठरावीक असतात. शाळेत नाव ‘संजय’ असते आणि नोंदवहीत ‘सॅम्युएल’. आडनावाच्या जागी नुसते वडिलांचे नाव असते. आईची नोंद माहेरच्या नावाने असते. गोव्याच्या जुन्या वह्यांत नावे पोर्तुगीज वळणाची असतात. शिवाय लोक जन्माचेच वर्ष सांगतात, आणि बाप्तिस्मा मात्र मुलाला घेऊन गावी जाणे जमले तेव्हा, दोन-तीन वर्षांनी झालेला असतो. म्हणून जन्मवर्षापासून पुढची पाच वर्षे पाहायला सांगा. भावंडांचे बाप्तिस्मे बरेचदा एकाच दिवशी झालेले असतात. त्यांची नोंद सापडली तर तुमचीही तिथेच असण्याचा संभव मोठा. वही जीर्ण असेल तर स्वतः पाने उलटण्याचा आग्रह धरू नका. कडा तुटल्या की तारखेचाच रकाना आधी जातो.

कॅथलिक नोंदीत पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) आणि विवाह यांचे शेरेही चढतात. म्हणूनच लग्नाच्या वेळी जुना दाखला चालत नाही, सहसा सहा महिन्यांच्या आतला नवा उतारा मागतात. नोंद मिळालीच नाही, तर कॅथलिक धर्मविधीच्या कायद्यात एका विश्वासार्ह साक्षीदाराचा जबाब, किंवा प्रौढपणी बाप्तिस्मा झाला असेल तर त्या व्यक्तीची स्वतःची शपथ पुरते. यातून दुसऱ्या कोणाचे नुकसान होत नसले म्हणजे झाले. इतर मंडळ्यांत पाळक काय मान्य करतात ते विचारून घ्या.

आत्मपरीक्षण कसे करायचे? दरवेळी ‘मी पापी आहे’ एवढेच म्हणून थांबतो.

कारण तेवढे म्हणायला सोपे असते. ‘मी पापी आहे’ यात कोणाचे नाव नाही, रक्कम नाही, तारीख नाही. त्याऐवजी बाप्तिस्म्यातले प्रश्नच समोर घ्या. शब्द मंडळीगणिक बदलतात, गाभा एकच: सैतानाला आणि त्याच्या कामांना नाकारतोस का? पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवतोस का? देवाच्या लोकांबरोबर राहून त्याच्या आज्ञेप्रमाणे चालशील का?

अर्धा तास काढा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. कागदावर एकेक प्रश्न लिहा आणि खाली गेल्या बारा महिन्यांतली एक-दोन खरी उदाहरणे. ‘नाकारतोस का’ याखाली ‘राग’ असे लिहू नका. ‘आईचे औषध आणायला सांगितले तेव्हा वसकन ओरडलो’ असे लिहा. ‘लबाडी’ लिहू नका. कोणत्या बिलात, किती, ते लिहा. ‘विश्वास ठेवतोस का’ याखाली भीती लिहा: कर्ज, मुलाची नोकरी, तपासणीचा रिपोर्ट. देवावर सोडायचे म्हणतो आणि सोडत नाही ते सगळे इथे येते. चांगलेही लिहा, कारण कृपा कुठे मिळाली हे दिसले नाही तर नुसती खंत उरते. शेवटी स्तोत्र ५१ सावकाश वाचा, मग १ योहान १:९, आणि कागद फाडून टाका. घरात कुणाच्या हाती लागला तर नवेच भांडण उभे राहील.

एक धोका सांगायलाच हवा. काही हळव्या मनांना आत्मपरीक्षण थांबवताच येत नाही. तेच तेच पाप कबूल करत राहतात आणि क्षमा झाली यावर विश्वास बसत नाही. अशांनी वेळ दहा मिनिटांवर आणावा आणि एका अनुभवी पाळकाशी बोलावे. झोप आणि भूकच उडाली असेल तर डॉक्टरांनाही दाखवावे.

भावाशी वाटणीवरून अबोला आहे. तो मिटल्याशिवाय नूतनीकरणाला अर्थ आहे का?

अर्थ आहे, पण मिटवण्याचा प्रयत्न त्याच्यातच येतो. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५:२३–२४). जक्कय या जकातदाराने तर फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे बोलून दाखवले (लूक १९:८).

द्राक्षबागेचा बांध, विहिरीच्या पाण्याची पाळी, आईच्या दागिन्यांची वाटणी, कांद्याच्या पट्टीचे राहिलेले पैसे: आपल्याकडचे बहुतेक अबोले यातलेच असतात. एका फोनमध्ये वाद सुटणार नाही, आणि सोडवायला जाऊही नये. पहिला फोन दोन मिनिटांचा ठेवा. ‘दादा, नाताळच्या शुभेच्छा. आपल्यात जे झालं त्यात मी जे बोललो ते चुकलं, त्याची माफी मागतो. जमिनीचं नंतर बसून बोलू.’ इथे थांबा. ‘पण तूही तेव्हा…’ हे वाक्य तोंडात येतेच, आणि बहुतेक समेट त्याच वाक्यावर मोडतात. फोन उचलला नाही तर आठवड्याने पुन्हा एकदा, आणि मग कार्ड किंवा साधा मेसेज. समोरच्याने माफ करणे तुमच्या हातात नाही. पैसे देणे असेल तर माफीबरोबर पहिला हप्ता आणि तारीख सांगा. मारहाण किंवा छळ झालेला असेल तर मात्र एकट्याने भेटायला जाऊ नका. तिथे आधी सुरक्षितता.

घरच्या घरी नूतनीकरण कसे करावे?

अर्धा-पाऊण तास पुरतो. ३१ तारखेची संध्याकाळ, १ तारखेची सकाळ किंवा प्रभूच्या बाप्तिस्म्याचा रविवार, यातले काहीही चालेल. लागते ते एवढेच: रुंद तोंडाचे भांडे, लिटरभर स्वच्छ पाणी, एक मेणबत्ती, पवित्र शास्त्र, आणि आपल्या मंडळीच्या उपासनापुस्तकातले बाप्तिस्म्याचे प्रश्न. कॅथलिक घरात चर्चमधून आणलेले पवित्र पाणी घ्यावे.

१. मेणबत्ती लावून दोन मिनिटे शांत बसा. कागद आणि पडदे ज्योतीपासून हातभर लांब.
२. एकाने मार्क १:९–११ आणि दुसऱ्याने रोमकरांस ६:३–४ वाचावे.
३. प्रत्येकाने मनातल्या मनात पापकबुली द्यावी. मुलांसमोर मोठ्यांनी एकमेकांची पापे काढू नयेत.
४. घरातल्या वडीलधाऱ्याने प्रश्न विचारावेत, सर्वांनी मोठ्याने उत्तर द्यावे. प्रत्येक प्रश्नानंतर श्वासभर थांबा.
५. प्रेषितांचा विश्वासांगीकार उभे राहून म्हणा.
६. प्रत्येकाने बोटे पाण्यात बुडवून आपल्या कपाळावर क्रूसाची खूण करावी, किंवा नुसता पाण्याला हात लावावा. तोंडाने ‘प्रभू, मी तुझा आहे’ एवढे पुरे.
७. प्रभूची प्रार्थना, मग एकमेकांसाठी एकेक वाक्याची प्रार्थना.

घरी कोणाच्याही डोक्यावर पाणी ओतून ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो’ हे शब्द उच्चारू नका. ते शब्द बाप्तिस्म्याचे आहेत. मरणाच्या दारातल्या, बाप्तिस्मा न झालेल्या माणसासाठी राखून ठेवा. उरलेले पाणी झाडाच्या मुळाशी घाला.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत नूतनीकरण ठेवायचे आहे. आयोजकांनी काय पाहावे?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नूतनीकरण बाराच्या ठोक्याला ठेवणे. त्या क्षणी बाहेर फटाके, आत मोबाइल, आणि शेवटच्या रांगेत मिठ्या मारणे सुरू. साडेदहाला उपासना सुरू केली तर प्रवचन सव्वाअकरापर्यंत संपवा आणि नूतनीकरण साडेअकराला उरका. बारा वाजता फक्त गुडघे टेकून शांतता, आणि मग आभाराचे गीत.

प्रश्नोत्तरांचा कागद प्रत्येकाच्या हातात हवा, अक्षर निदान १४ पॉइंटचे. भिंतीवरच्या पडद्यावर विसंबू नका. वीज गेली तर अर्धी मंडळी गप्प होते. पाणी शिंपडायचे असेल तर दोनशे माणसांना दोन-तीन लिटर पुरते. आंब्याची किंवा तुळशीची डहाळी चांगली चालते, मात्र आधी झटकून घ्या, नाहीतर पहिल्याच रांगेला अंघोळ होते. फरशी ओली झाली की वृद्ध घसरतात, म्हणून मधल्या वाटेवर चटई अंथरा. हातात मेणबत्त्या द्यायच्या असतील तर त्या कागदी कपात अडकवा आणि लहान मुलांना विजेरी द्या.

उघड्यावर ध्वनिक्षेपक असेल तर परवानगी लागते, आणि रात्री १० नंतर तो सरकारने सूट दिलेल्या दिवशीच, तोही १२ वाजेपर्यंतच, लावता येतो. पोलीस ठाण्यात चौकशी करून परवानगी आधीच काढून ठेवा. ओझर, देवळाली, सिडकोकडून येणाऱ्यांना परतीची बस मिळत नाही आणि रस्त्यात नाकाबंदी असते, तेव्हा गाड्यांची वाटणी आदल्या रविवारीच ठरवा.

उपासनेत मिळालेले वचनकार्ड म्हणजे आमच्या वर्षाचे भविष्य का?

नाही. कार्डावरचे बायबलमधले वचन मनन करायला दिलेले असते. यिर्मया २९:११ (देवाचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत, हे वचन) आले म्हणून परदेशाचा व्हिसा मिळेल असे नाही, आणि दुःखाचे वचन आले म्हणून घाबरायचे कारण नाही. ते ज्या अध्यायात आहे तो पूर्ण वाचा. यिर्मयाचे ते पत्र बाबेलात बंदिवान झालेल्यांना लिहिलेले आहे, आणि त्याच पत्रात सत्तर वर्षे थांबायलाही सांगितले आहे.

कॅथलिकांनी पापनिवेदन कधी करावे?

गंभीर पापांचे निवेदन वर्षातून निदान एकदा करणे बंधनकारक आहे. नाताळच्या आधी रांगा लांब असतात आणि कोणालाच नीट वेळ मिळत नाही. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात कामाच्या दिवशी, मिस्साच्या अर्धा तास आधी गेलात तर फादर निवांत भेटतात. मागचे निवेदन कधी केले ते आधी सांगा, मग पाप कोणते आणि साधारण किती वेळा. पार्श्वभूमीची गोष्ट लांबवू नका. शब्द विसरलात तर फादर सांगतात.

आमच्या मंडळीत जानेवारीत पाण्यात बुडवून बाप्तिस्मे आहेत. थंडीचे काय? नदीवर किंवा धरणावर जावे का?

निफाडकडे जानेवारीत पहाटेचा पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ‘डिडाखे’ या शिकवणीत याचे उत्तर आहे: वाहते पाणी घ्यावे, ते नसेल तर दुसरे, थंड जमत नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओतावे. म्हणजे कोमट पाण्याने बाप्तिस्मा कमी होत नाही.

गोदावरीचा शहरातला पट्टा आम्ही सुचवणार नाही. पाणवेली, सांडपाणी आणि निसरडा गाळ यांमुळे पाय कुठे पडतो ते कळत नाही. गंगापूर धरणातून शहराला पिण्याचे पाणी जाते, तिथे उतरू नये, आणि खाली नदीपात्रात विसर्ग सोडला की पाणी पाहता पाहता वाढते. चर्चच्या आवारातले टाके सगळ्यात बरे. ७ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ३ फूट पाणी म्हणजे सुमारे २,४०० लिटर. एवढे पाणी १० अंशांनी तापवायला साधारण २८ युनिट वीज लागते, म्हणजे २ किलोवॅटचा गीझर सलग चौदा तास. बादल्यांनी गरम पाणी ओतून काही होत नाही. गच्चीवरच्या टाकीत तापलेले पाणी आदल्या दुपारी भरा, वर ताडपत्री टाका, आणि बाप्तिस्मे सकाळी सातऐवजी दुपारी बाराला ठेवा.

पाण्यात माणूस असताना हीटर रॉड किंवा वायरचा माइक टाक्याजवळ कधीही नको. विजेचा धक्का बसून माणसे दगावतात. माइकशिवाय मोठ्याने बोलले तरी ऐकू जाते.

पाणी कमरेइतके असावे. घेणाऱ्याने हात छातीवर घेऊन एका हाताने नाक धरावे आणि गुडघे किंचित वाकवावेत. देणाऱ्याचा एक हात पाठीखाली, दुसरा त्याच्या हातांवर. मागे झुकवून पूर्ण बुडवायचे आणि लगेच वर. अंगाने भारी माणसासाठी दोघे हवेत. कपडे जाड आणि गडद. पांढरा पातळ झगा भिजला की अंग दिसते, आणि बायकांना त्या दिवसाची आठवण संकोचाचीच राहते. टॉवेल, कोरडे कपडे आणि आडोसा टाक्यापासून दहा पावलांत ठेवा. हृदयविकार किंवा अपस्मार असलेल्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे.

नवरा कॅथलिक, मी सीएनआयची. नूतनीकरण कोणाच्या चर्चमध्ये?

दोन्हीकडे. दोन्ही मंडळ्या एकमेकांचा बाप्तिस्मा मान्य करतात, त्यामुळे बाप्तिस्म्याच्या प्रश्नांना एकत्र उत्तर द्यायला काहीच आडकाठी नाही. प्रभुभोजनाचे आणि ख्रिस्तप्रसादाचे नियम मात्र वेगळे आहेत; ते आपापल्या पाळकांना विचारून पाळावेत. घरच्या उपासनेत दोघांच्या पुस्तकांतले प्रश्न ताडून पाहा.

घरात विश्वास फक्त माझाच जागा झाला आहे. बाकीच्यांना कसे वळवू?

वळवू नका, जगून दाखवा. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई, यांच्यासाठी तो घरावर कोसळलेला डोंगर होता. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, मधला ताटातुटीचा काळ सोसून आणि स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. कोणाच्या आग्रहाने आलेला विश्वास इतका पक्का झाला नसता. घरच्यांना चर्चला ओढण्यापेक्षा कामावरून आल्यावर चिडचिड कमी झाली, तर त्यांचे तिकडे लक्ष जाते.

मुलांना यात कसे घ्यावे?

लहान मुलांना बाप्तिस्म्याचा फोटो दाखवा आणि मेणबत्ती त्यांच्या हाताने, तुमचा हात धरून, लावू द्या. जमले तर धर्ममाता-धर्मपित्याला फोन लावून द्या. दहा मिनिटांच्या वर ताणू नका. बारा-तेरा वर्षांच्या पुढे मुले ‘हे मी कबूल केलंच नव्हतं’ म्हणतात. यावर रागावू नका. दृढीकरणाचा वर्ग याच प्रश्नासाठी असतो. न पटता ‘होय’ म्हणायला लावण्यापेक्षा त्या वर्षी गप्प राहण्याची मुभा द्या.

कित्येक वर्षे चर्चला गेलो नाही. वर्गणीही थकली आहे. तोंड कसे दाखवू?

वर्गणी आणि मतदार यादी हा मंडळीच्या कारभाराचा भाग आहे. उपासनेला बसायला वर्गणीची पावती लागत नाही. पाळकांना आठवड्यातल्या दिवशी फोन करून भेटीची वेळ घ्या. ३१ डिसेंबरला पहिल्यांदा येऊ नका. गर्दीत कोणी विचारत नाही आणि मन खट्टू होते. जानेवारीतल्या साध्या रविवारी या, आणि ओळीने चार रविवार या. ‘इतके दिवस कुठे होता?’ असे कोणीतरी विचारणारच. ‘आता आलोय’ एवढे उत्तर पुरते. आणि जे नेमाने येतात त्यांना विनंती, हा प्रश्न विचारूच नका.

वर्षभरात पवित्र शास्त्र वाचून काढायचा संकल्प दरवर्षी मोडतो.

प्रॉटेस्टंट बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर ५२ आठवड्यांत पूर्ण होते. पण उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय संपून जानेवारीअखेर लेवीय येते, आणि यज्ञांच्या नियमांत बहुतेकांची गाडी अडते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना आम्ही नवा करार सुचवतो: २६० अध्याय, सोमवार ते शुक्रवार रोज एक, बरोबर ५२ आठवडे. शनिवार-रविवार राहिलेले भरून काढायला मोकळे. मार्कपासून सुरू करा, १६ अध्याय आहेत आणि वेग आहे. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन वाचा. आठवडा चुकला तर मागचे सोडून आजचा अध्याय उघडा. थकबाकी फेडण्याच्या नादात वाचन सुटते.

आणि फेब्रुवारीत सगळेच सुटले तर?

फेब्रुवारीतच पुष्कळांचे सुटते, आणि बरेचदा तोवर भस्म बुधवार, म्हणजे कपाळाला राख लावून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो तो दिवस, आलेला किंवा तोंडावर असतो. २०२७ मध्ये तो १० फेब्रुवारीला आहे. चाळीस दिवसांचा उपवासकाळ मुळात बाप्तिस्म्याच्या तयारीचा काळ होता, आणि कॅथलिक मंडळी ईस्टरच्या रात्रीच्या जागरणात बाप्तिस्म्याची अभिवचने सगळ्यांकडून पुन्हा म्हणवून घेते. २०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे. कागद नवा घ्या, प्रश्न तेच ठेवा आणि राखेच्या दिवशी पुन्हा बसा.